आश्विनातली आगोट

वैशाख लागला की मला घरात बसवत नाही. शाळेला सुट्टी असते, हाताला काम नसतं आणि अंगणभर बायकोनं जवळा वाळत घातलेला असतो, त्यामुळे पाय कुठं टाकावा तेही कळत नाही. मी ओटीवर बसतो, उठतो, विहिरीपर्यंत जातो, परत येतो. "येरझाऱ्या घालताच आहात तर कावळे तरी हाकला," बायको म्हणते. मी काठी घेऊन कावळे हाकतो. पण हाकता हाकता नजर सुपांकडं जाते. जवळा किती, बोंबलांच्या जुड्या किती, सोड्यांच्या बरण्या किती. आणि नको नको म्हणताना मन मोजायला लागतं की ही एवढी बेगमी किती माणसांना पुरेल.

आमच्याकडं याला आगोट म्हणतात. पावसाळ्याचे चार महिने दर्या बंद, होड्या माडाच्या झापांखाली, आगबोट बंद, नाल्यांना पाणी आलं की बोर्ली पंचतनचा बाजारसुद्धा लांब. मग जे खायचं ते वैशाखात घरात आलं पाहिजे. सुकं म्हावरं, कांदे, मसाला, चिंच, आमसुलं, मीठ, लाकूडफाटा. बाई कशी आहे ते तिच्या आगोटीवरून कळतं, असं आमच्या कोळीवाड्यात म्हणत. माझी आई घरात नुसतं डोकावून सांगायची, की या घरची आगोट श्रावणापर्यंत जाईल आणि त्या घरची आषाढातच उसनं मागायला निघेल. तिचं सहसा चुकत नसे.

मी मास्तर. कोळ्याचा मुलगा मास्तर कसा झाला, याचं उत्तर साऱ्या गावाला पाठ आहे. मला बोट लागते. सात वर्षांचा असताना बाबांनी मला पहिल्यांदा मचव्यात घेतलं आणि खाडीच्या तोंडापाशी जाईतो माझ्या पोटात काही शिल्लक उरलं नाही. तीन वर्षं प्रयत्न झाले. शेवटी बाबा म्हणाले, "ह्याला शाळेत घाला. दर्याला ह्याची गरज न्हाय." लोक हसले, मीही हसलो. माझा थोरला भाऊ हरीदादा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याला बोट लागत नव्हती. म्हणून तो मचव्यावर गेला. त्याला दर्या आवडतो का, हे कोणी विचारलं नाही. मी तर नाहीच. मला बोट लागली म्हणून मी सुटलो आणि त्याला लागली नाही म्हणून तो अडकला, हे माझ्या डोक्यात यायला तिशी उलटावी लागली. मास्तरांची अक्कल अशी.

बाबा तापानं गेले तेव्हा स्वातंत्र्याला दहा-एक वर्षं झाली असतील. मचवा दादाकडं आला. एक हंगाम त्यानं तो चालवला, आणि दुसऱ्या हंगामाआधी मुंबईला दोर आणायला गेला तो परत आलाच नाही. गोदीत एक साहेब पुलाच्या कामासाठी खलाशी गोळा करत होता. तारेचे जाड दोर ताणायला, गाठी मारायला, उंचावर चढायला दर्यावरची माणसं लागतात म्हणे. दादा त्याच्याबरोबर गेला. पत्र आलं ते थेट हिमालयातून. लाहौल नावाचं खोरं, चंद्रा नावाची नदी, तिच्यावर पूल. "काम चांगलं हाय, काळजी नसावी." पत्रं मीच वाचून दाखवायचो. आईला अक्षर येत नव्हतं. कार्तिकानंतर पत्रं थांबली आणि एकदम पुढच्या जेठात तीन पत्रं एका दिवशी आली. मी म्हणालो, दादा आळशी झालाय. आई म्हणाली, "त्यो आळशी कवा नव्हता." एवढंच म्हणाली आणि टोपली घेऊन बाजाराला गेली.

मचवा एक अख्खा हंगाम झापांखाली पडून होता. लाकडाला पाणी लागलं नाही की फळ्या सुकतात, सांधे उघडतात. आणखी एक हंगाम असाच गेला तर चुलीत घालायच्या लायकीचा राहील, असं पांडूभाऊ म्हणाले. पांडूभाऊ आमचे चुलतभाऊ, हाडाचे तांडेल, जन्म मचवे हाकण्यात गेलेला. "मला द्या, मी चालवतो," असं ते सरळ म्हणाले. आई म्हणाली, "आधी हरीला विचारून येते."

मला वाटलं, पत्र लिहील. पण ती गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर सुक्या बोंबलांचं गाठोडं बांधायला बसली. मी नुकताच ट्रेनिंग संपवून नेमणुकीची वाट बघत रिकामा होतो, तेव्हा सोबत कोण हा प्रश्नच नव्हता. शेजारणी म्हणाल्या, पितृपाखात कुठं निघतेस. आई म्हणाली, "माझा पोर जिता हाय. त्याला भेटाया पितृपाख कशाला आडवा येतोय?"

प्रवासाचं सांगण्यासारखं एवढंच, की म्हसळ्याच्या घाटात मला एस.टी. लागली. पठाणकोटपर्यंत आगगाडी सोसली, पुढं मंडीच्या रस्त्यावर पुन्हा बस लागली. कुलूच्या बाजारात आईनं जन्मात पहिल्यांदा बूट घेतले, कॅनव्हासचे, आणि मनालीच्या पुढं खेचरवाल्यांबरोबर आम्ही रोहतांगची खिंड चढायला लागलो. तिथं मला डोंगर लागला. धाप, मळमळ, डोकं फुटतंय असं झालं. माझी आई डोक्यावर म्हावऱ्याची पाटी घेऊन रोज चार कोस चालणारी. ती लुगड्याचा काष्टा आवळून, गाठोडं डोक्यावर घेऊन एका लयीत चालत होती. खेचरवाला तिच्याकडं बघायचा आणि मग माझ्याकडं बघायचा. मला शेवटी खेचरावर बसवलं. बोंबील चालत गेले आणि मास्तर खेचरावरून गेला, हे आईनं नंतर गावभर सांगितलं.

खिंडीच्या अलीकडं पाऊस होता, धुकं होतं, देवदारांची काळी राई होती. पलीकडं उतरलो आणि पाऊस मागंच राहिला. एवढं उघडं बोडकं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं. डोंगर मातकट, गवताची काडी नसलेले, वर बर्फ. खाली नदी, राखेनं भांडी घासल्यावर उतरतं तसल्या पाण्याच्या रंगाची. नदीकाठानं तेवढी हिरवी-पिवळी पट्टी, त्यात सपाट धाब्याची मातीची घरं, आणि पानं पिवळी पडायला लागलेली उंच सरळसोट झाडं. सुंदर होतं. खोटं कशाला सांगू, आजही डोळे मिटले की दिसतं. पण मला तिथं चैन पडेना. कानात काहीतरी कमी वाटत होतं. दोन दिवसांनी कळलं, की लाटांचा आवाज नाही. जन्मापासून तो कानात होता म्हणून ऐकू येत नव्हता आणि आता नव्हता म्हणून सारखा जाणवत होता.

दादा एका म्हातारीच्या घरी राहत होता. म्हातारी आणि तिची लेक, डोलमा. घरात पुरुषमाणूस नव्हता. आदल्या थंडीत दादाच्या पायाची बोटं बर्फानं काळी पडली होती, बाकीचे खलाशी परत पळाले होते, तेव्हा या दोघींनी त्याला ठेवून घेतलं होतं. हे त्यानं आम्हाला सांगितलं. मी ऐकलंही. म्हटलं, भली माणसं आहेत.

पहिल्या दिवशी चहा आला. त्यात लोणी आणि मीठ. आईनं घोट घेतला, पेल्यात पाहिलं आणि विचारलं, "हरी, ह्यो चाय हाय का कालवण?" दादा हसला. त्याचं ते हसणं मी खूप वर्षांनी ऐकलं. मग जवाच्या सत्तूचे गोळे आले, काळसर पिठाची पातळ धिरडी आली, निखाऱ्यात भाजलेले बटाटे आले. बटाटे तर असे, की मीठही नको. आईनं मग आपलं गाठोडं सोडलं आणि चुलीवर बोंबील भाजले. त्या बंद घरात तो वास असा भरला, की म्हातारी नाकाला बाही लावून अंगणात गेली आणि खालच्या गोठ्यातली गाय हंबरायला लागली. डोलमा मात्र बसून राहिली. तिनं एक बोंबील उचलला, डोकं मोडून बाजूला ठेवलं आणि खाल्ला. मग दुसरा घेतला. आई तिच्या हाताकडं बघत होती. मला वाटलं, कौतुकानं बघतेय.

विषय काढायला आईला चार दिवस लागले. आम्ही तिघं नदीच्या वर एका कठड्यावर बसलो होतो. खाली पुलाचे दोर ताणलेले दिसत होते.

"डोंगर चांगलं हायत," आई म्हणाली. "पण नुसतं उभं हायत. काय हलत न्हाय इथं."

"म्हणून तर बरं वाटतं, आये," दादा म्हणाला. "सकाळी उठून बघावं, कालच्या जागीच हाय. दर्याचं काय सांगावं?"

"मचवा सुकतोय."

मी मध्ये तोंड घातलं. म्हणालो, दादा, हा हंगाम गेला तर मचवा गेला, पांडूभाऊ मागताहेत, पण तो तुझा आहे, बाबांचा आहे. बरंच बोललो. नुकताच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेला, बोलायची खुमखुमी. दादानं खडे उचलून नदीकडं टाकले. मग म्हणाला, "पुलाचं काम उरकू दे. दिवाळी झाली की येतो."

मी लगेच बोटांवर मोजलं. दिवाळी म्हणजे फार तर महिना. त्यानंतर दर्या शांत, आगबोट चालू, रस्ते कोरडे. आमच्याकडं दिवाळी झाली की सगळं उघडतं. लग्नं ठरतात, जत्रा लागतात, मुंबईकर येतात-जातात. माणूस कुठंही अडकलेला असो, दिवाळीनंतर घरी येतो. उलट मचव्याला खरा हंगाम तेव्हाच. मी म्हणालो, मग काय प्रश्नच मिटला. आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती घराच्या धाब्याकडं बघत होती. तिथं गवताचे भारे रचलेले होते, सरपणाच्या मोळ्या कडेकडेनं लावल्या होत्या आणि म्हातारी काहीतरी वाळत घालत होती.

राहिलेले आठ दिवस मी काढले ते कसे, माझं मला माहीत. नदीपर्यंत जायचं, परत यायचं, पुलावर जायचं, तिथून हाकलून दिलं की परत यायचं. चारी बाजूंना डोंगर, कुठं बघितलं तरी नजर ठेचाळते. आई मात्र रुळली होती. तिला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना तिची, पण सकाळ झाली की ती म्हातारीबरोबर धाब्यावर. सलगम चिरायचे, दोऱ्यात ओवायचे, माळा टांगायच्या. पाला वाळवायचा. बटाटे निवडून जमिनीतल्या खड्ड्यात भरायचे. जव भाजायचे, सत्तूच्या गोण्या शिवायच्या. मी दादाला म्हणालो, बघ, आई इथंही कामाला जुंपली, तिला स्वस्थ बसवतच नाही. आणि मनात म्हणालो, काय सुगी आहे या लोकांची, देवानं भरभरून दिलंय. भूगोलात मला नेहमी चांगले गुण होते. ही खिंड मी नकाशात बघून गेलो होतो. पण नकाशावरची खिंड बाराही महिने उघडीच असते.

निघायच्या दिवशी म्हातारीनं आईच्या हातात जर्दाळूंची पिशवी दिली. डोलमा खाली वाकून पाया पडली. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ ठेवला. मग दादाला म्हणाली, "दिवाळी झाली की ये. घाई करू नको."

मला राग आला. इतक्या लांब आलो आणि ही म्हणते घाई करू नको. खिंड चढताना मी तसं बोललोही. आई म्हणाली, "तू तुझा श्वास सांभाळ."

घरी आल्यावर ती म्हणाली, "पांडूला दे मचवा." मी साफ नाही म्हणालो. दादानं तुझ्या तोंडावर शब्द दिलाय, आणि तू त्याचा मचवा दुसऱ्याला देतेस? मी पोरं गोळा केली, झाप काढले, फटींत कापूस ठोकला, लाकडाला तेल पाजलं. मला बोट लागते, पण किनाऱ्यावरच्या बोटीचं मी सगळं करू शकतो. पांडूभाऊ बघून गेले. "मास्तर, पाण्यात जाईल तर टिकंल. नुसतं तेल किती दिस?" मी म्हणालो, दिवाळी होऊ द्या.

दिवाळी झाली. आगबोट खाडीच्या बाहेर उभी राहायची, पडाव माणसं घेऊन बंदराला यायचा. मी प्रत्येक पडावाला बंदरावर. मुंबईचे चाकरमानी उतरायचे, ट्रंका उतरायच्या, कोणी नवी सायकल उतरवायचं. मी शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबायचो. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. बोर्लीच्या शाळेत माझी नेमणूक झाली. शाळा सुटली की तसाच धुळीच्या पायांनी बंदराला. "आला का?" घरी आल्यावर आई विचारायची. "पुढच्या बोटीला," मी म्हणायचो.

पौषात म्हसळ्याला एस.टी.त एक निवृत्त सुभेदार शेजारी बसले. बोलता बोलता मी लाहौलचं नाव काढलं. ते म्हणाले, "तिकडून आता कोण येणार, मास्तर? दिवाळीच्या आगंमागं खिंड बर्फानं बंद होते. माणूस नाही, टपाल नाही. जेठात उघडते." मी त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

तिथून घरी येईतो मला काय काय वाटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. दादा तिथं एक अख्खी थंडी राहिलेला. त्याला ठाऊक होतं. दिवाळीनंतर येतो म्हणजे येत नाही, हे ठाऊक असून तो आईच्या तोंडावर बोलला होता. मला त्याचा इतका संताप आला, की तो समोर असता तर मी हात उचलला असता. आणि लगेच वाटलं, आईला हे कळता कामा नये. तिला वाटू दे की येतोय. म्हणून मी तसाच बंदरावर जात राहिलो. पौष, माघ, फाल्गुन. कोणी येणार नाही हे माहीत असून पडावातली तोंडं बघत राहिलो. "आला का?" "पुढच्या बोटीला." तोवर मचव्याच्या फळ्या पुन्हा उघडल्या होत्या.

परवा बायको म्हणाली, तुम्ही अजून बंदराकडून वळसा घेऊन घरी येता, शाळा तर इकडं आहे. मी म्हणालो, पाय मोकळे होतात. दहा वर्षं झाली. मचवा पांडूभाऊंकडं आहे, निम्म्या फळ्या नव्या आहेत. दादाची पत्रं जेठात येतात. त्याला दोन मुलं आहेत, थोरला म्हणे झाडावर माकडासारखा चढतो. आई तीन वर्षांपूर्वी माघात गेली. तार मनालीपर्यंत गेली आणि पुढं खिंड उघडेपर्यंत तिथंच पडून राहिली. दादाला कळलं तेव्हा आमच्याकडं पावसाळा आला होता. मी त्याला दोष देत नाही. आता नाही देत. पण वैशाख आला आणि सुपं भरायला लागली की आत काहीतरी सैरभैर होतं. मग तो वैशाख आठवतो, लाहौलहून आल्यानंतरचा.

आई मधल्या घरात बरण्या भरत होती. मी तिच्यासमोर बसलो. जेठ तोंडावर आला होता, खिंड उघडणार होती, पत्र येणार होतं. त्याआधी आपण सांगावं म्हणून मी बळ करून म्हणालो, "आये, दादा खोटं बोलला. दिवाळीनंतर तिथून येताच येत नाही. रस्ता बंद असतो."

तिनं हात थांबवला नाही. "ठाव हाय," म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगतंय? आश्विनात ती म्हातारी आगोट भरत व्हती. आश्विनात कोण भरतंय? ज्याचं दार पुढं बंद व्हतंय, त्योच."

ते गवत, त्या मोळ्या, त्या सलगमांच्या माळा. सुगी म्हणालो होतो मी.

"आन दोघींची नव्हती ती," आई म्हणाली. "तिघांची व्हती."

"मग मला का नाही सांगितलंस? मी शिमग्यापर्यंत बंदरावर..."

"सांगणार व्हते. पन तू जायाचास, मला बरं वाटायचं. कोनीतरी त्याची वाट बघतंय. माझ्यानं ते होत नव्हतं."

"का होत नव्हतं?"

तिनं जवळ्याची मूठ बरणीत दाबली, वर मीठ टाकलं.

"कशी बघू वाट?" ती म्हणाली. "आठ दिस धाब्यावर बसून त्याची आगोट माझ्याच हातानं भरून आले मी."

आणि फडकं घेऊन बरणीचं तोंड बांधायला लागली.